बोट सुटतीय, ठेवतो

बेळगावजवळच्या आमच्या पिरनवाडीत अजूनही माझी ओळख करून देताना कुणीतरी म्हणतंच, "हे बोटीवर होते. सगळं जग बघून आल्यात." मी हसतो आणि विषय बदलतो. जग मी पाहिलं नाही. नावाजलेल्या बंदरांच्या पायऱ्या पाहिल्या, कठडे पाहिले, आणि ज्या भिंतीला टेकलं की फुकटचं वायफाय मिळतं त्या भिंती पाहिल्या.

क्रूझचं जहाज एखाद्या जुन्या बंदराला लागलं की त्यातून दोन प्रकारची माणसं उतरतात. प्रवासी उतरतात ते गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोपी आणि पुढे झेंडी घेतलेला गाइड अशा थाटात. त्यांच्यानंतर आम्ही उतरायचो, म्हणजे क्रू. फोन हातात उंच धरून, दिशा शोधत. कुठल्या चर्चच्या मागे वायफाय चांगलं, कुठला कॅफेवाला एका कॉफीवर तासभर बसू देतो, ही माहिती आम्हाला तोंडपाठ असायची आणि नव्या पोरांना आम्ही ती मोठ्या रुबाबात सांगायचो. किल्ला कुणी बांधला हे मात्र आमच्यातल्या एकालाही सांगता आलं नसतं.

मी रूम स्टुअर्ड होतो. म्हणजे केबिनी लावणारा. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा ठरलेल्या केबिनींत जायचं, चादरी बदलायच्या, बाथरूम घासायचं, टॉवेलचा हत्ती नाहीतर माकड करून पलंगावर ठेवायचं. आठ-नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, त्यात रविवार नाही आणि सणही नाही. काम अवघड नाही, पण संपत नाही. माणसाचा चेहरा नीट लक्षात राहायच्या आधी त्याची कचऱ्याची बादली ओळखीची होते. कोण रात्री रडतं, कोण औषधं लपवून घेतं, कुठलं नवरा-बायकोचं जोडपं दोन टोकांना झोपतं, सगळं चादर सांगते. एक म्हातारी बाई दोन्ही उशा लावायला सांगायची आणि दुसऱ्या उशीवर नवऱ्याचा रात्रीचा सदरा घडी करून ठेवायला लावायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी रोज तो सदरा नवी घडी घालून ठेवायचो.

आपल्या भागातली माणसंही क्वचित भेटायची. एकदा निपाणीचे एक शेठ सहकुटुंब आले. मी पिरनवाडीचा आहे हे कळल्यावर ते खुर्चीतून उठूनच उभे राहिले. म्हणाले, "अरे, म्हणजे तू आमचा पोरगा! तुला अंथरूण घालायला सांगू व्हय मी?" आणि सबंध आठवडा त्यांनी मला पलंगाला हात लावू दिला नाही. स्वतः चादर ओढायचे, बायकोला बाथरूम पुसायला लावायचे आणि मला बसवून भडंग खायला घालायचे. उतरताना आमच्या साहेबांनी शेठना विचारलं, सेवा कशी होती? शेठनी अभिमानानं सांगितलं, सगळं आम्ही आमच्या हातानं केलं. त्या एका वाक्यानं माझी अशी खरडपट्टी निघाली की विचारू नका. ही गोष्ट मी गावाकडं फोनवर सांगितली तेव्हा आप्पा इतके हसले होते की त्यांना ठसका लागला.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांच्यासाठीच हे लिहायला बसलो आहे, मघापासून इकडचं तिकडचं सांगत होतो.

आप्पांनी बेळगावच्या बाहेरचं जग फारसं पाहिलं नव्हतं. कधी खानापूर, कधी निपाणी, आणि एकदा कोगनोळीचा नाका ओलांडून कोल्हापूरला डोळ्याच्या ऑपरेशनला. गावालगत आमचं थोडं रान होतं. पावसाळ्यात भात, नाहीतर रताळी. आजूबाजूच्या रानांचे प्लॉट पडत होते, घरं उठत होती, पण आप्पा आपल्या तुकड्यात रताळ्याचे वेल लावत राहिले. मी पहिल्यांदा बोटीवर निघालो तेव्हा बेळगावच्या स्टँडवर ते सोडायला आले होते. पगार किती, काम काय, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "कुठं उतरलास तर जमीन कसली हाय बघून सांग."

मला वाटलं, सहज म्हणत असतील. पण नाही. प्रत्येक बंदरावरून फोन केला की आई जेवणाचं विचारायची, धाकटा भाऊ संजू तिथल्या गाड्यांचं विचारायचा, आणि शेवटी आप्पा फोन घ्यायचे.

"कुठं हाईस?"

मी गावाचं नाव सांगायचो. ते त्यांना उच्चारता यायचं नाही, मग ते सोडून द्यायचे.

"बरं. जमीन कसली हाय?"

आता मी दगडी पायरीवर बसलेलो असायचो. समोर दगडी रस्ता, मागे दगडी भिंत. जमीन बघायला शहराबाहेर जावं लागलं असतं आणि तेवढा वेळ कधी नसायचा. निदान मला तसं वाटायचं. मग मी मनानंच ठोकून द्यायचो. "तांबडी हाय आप्पा, आपल्यासारखी." कधी काळी, कधी वाळूसार. त्यावर ते खूश व्हायचे. पाणी धरती का, काय पिकवतात, नांगर कसला, विचारायला लागायचे. मला उत्तरं सुचायची बंद झाली की माझं एक ठरलेलं वाक्य होतं.

"आप्पा, बोट सुटतीय, ठेवतो."

हे वाक्य मी सगळ्यांना वापरायचो. आई रडायला लागली की. बायको कर्जाच्या हप्त्याचं बोलायला लागली की. पोरगी "पप्पा कधी येणार" म्हणाली की. बोट सुटायला बहुतेक वेळा पाच-सहा तास असायचे. मी फोन खिशात घालायचो आणि तसाच बसून राहायचो. पण घरी त्या शब्दाला मोठी किंमत होती. बोट सुटली आणि आपलं माणूस परक्या मुलुखात मागे राहिलं तर काय, या धसक्यानं सगळी मंडळी पटकन फोन ठेवायची. आप्पा तर बोलता बोलता वाक्य अर्धं सोडायचे. "जा, जा. पळ."

आप्पा गेले तेव्हा आमचं जहाज बार्सिलोनाहून निघून भरसमुद्रात होतं. निरोप जहाजाच्या ऑफिसात आला. मॅनेजरबाईंनी मला बोलावून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. मग विचारलं, घरी जायचं आहे का? परवा सकाळी माल्टाला लागतो, तिथून विमानाची सोय होईल.

हे मला स्पष्ट लिहायला हवं, कारण गावात मी आजवर वेगळं सांगत आलो. मला कुणी अडवलं नव्हतं.

त्या महिन्यात सुपरवायझरच्या जागेसाठी माझी मुलाखत ठरली होती. एवढी वर्षं चादरी ओढल्यानंतर पहिल्यांदा. मधेच उतरलो तर ती जागा दुसऱ्या कुणाला गेली असती. मी बाईंना म्हणालो, अंत्यविधी तर आजच उरकतील, मी पोचेपर्यंत काहीच राहणार नाही. हे खोटं नव्हतं. पण बाराव्याला पोचता आलं असतं, आईजवळ बसता आलं असतं. बाईंनी पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हणालो, नक्की. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं असावं, हा माणूस मनानं फार खंबीर आहे.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे आप्पांच्या रक्षाविसर्जनाच्या दिवशी सकाळी जहाज माल्टाच्या वॅलेटा बंदरात शिरलं. ते बंदर ज्यांनी पाहिलं असेल त्यांना सांगायला नको. दोन्ही बाजूंनी पिवळसर दगडाचे प्रचंड तट, आणि मधल्या पाण्यातून जहाज हळूहळू आत सरकतं. प्रवासी डेकवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. बंदरात असतानासुद्धा काही क्रूला आळीपाळीनं जहाजावर थांबावं लागतं, आग लागली नाहीतर काही झालं तर हाताशी माणसं असावीत म्हणून. त्या दिवशी माझी पाळी होती. माझ्या शेजारच्या बंकवरचा फिलिपिनो मित्र रोमेल आपणहून म्हणाला, तू जा, तुझ्या जागी मी थांबतो. माझ्या सकाळच्या केबिनीही त्यानं घेतल्या. सुपरवायझरनं सांगितलं, संध्याकाळपर्यंत येऊ नकोस.

म्हणजे माझ्याकडे सबंध दिवस होता.

धक्क्यावरून वर शहरात जायला तटाला लागून एक उंच लिफ्ट आहे. वर गेलं की बाग, बागेला कमानी, आणि कमानींतून सगळं बंदर खाली दिसतं. वायफाय तिथं पकडायचं हे मला माहीत होतं. एका कमानीखाली बसून मी संजूला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं सकाळ उलटून दुपार व्हायला आली होती.

पडदा उजळला तेव्हा आधी स्मशानातलं पत्र्याचं छप्पर दिसलं, मग संजूचा चेहरा. डोक्याचे केस काढलेले. थोरला मी असताना त्याला ते करावं लागलं होतं.

"अण्णा, कावळा शिवंना झालाय रं."

ज्यांच्याकडे ही रीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिसऱ्या दिवशी रक्षा गोळा करतात आणि त्या जागी गेलेल्या माणसाच्या आवडीचा नैवेद्य मांडतात. मग सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघत बसतात. कावळ्यानं शिवलं की जीव सुटला, इच्छा राहिली नाही. नाही शिवला तर काहीतरी अडकलं आहे. मग एकेक जण पुढं होऊन गेलेल्या माणसाला शब्द देतो, अमुक करतो, तमुक बघतो, आता जा. तोवर कुणी चहासुद्धा घेत नाही.

संजूनं मागचा कॅमेरा लावून पान दाखवलं. केळीच्या पानावर भात, वडे, उकडलेलं रताळं, बाजूला निपाणीची तंबाखू आणि चुन्याची डबी. कावळे होते. समोरच्या निलगिरीवर बसलेले दिसत होते. एक खाली येऊन पानाभोवती उड्या मारत फिरला आणि परत वर गेला.

"सगळं बोलून झालं," संजू म्हणाला. "आईला बघतो म्हटलं. रान विकत न्हाय म्हटलं. तात्यांनी देवळाला पैसं देतो म्हटलं. कशालाच येईना."

मागून तात्यांचा, म्हणजे चुलत्यांचा आवाज आला. "त्याला धर फोन! थोरल्यात जीव अडकलाय त्यांचा. त्याला बोलू दे!"

संजूनं फोन पानाच्या दिशेनं धरला. मला पान दिसायचं बंद झालं, कारण त्यानं पडदा तिकडं केला होता, माझा चेहरा आप्पांना दिसावा म्हणून. मला आता नुसतं आभाळ दिसत होतं, आणि त्याच्या अंगठ्याची कड.

"बोल की रं," तात्या ओरडले. "लाजतोस काय? बाप हाय तुझा."

माझ्या आजूबाजूला एक चिनी कुटुंब फोटो काढत होतं. मी मोठ्यानं बोललो. "आप्पा, मी येतो. ह्ये कॉन्ट्रॅक्ट शेवटचं. परत बोटीवर जाणार न्हाय. रान मी बघतो, आईपाशी ऱ्हातो. तुम्ही जावा."

आभाळ तसंच राहिलं.

"आणि एकदा सांग," संजू हळू आवाजात म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना मला रडू आलं आणि शब्द नीट फुटेनात. पलीकडं आईचा हुंदका ऐकू आला. मला ते सोसवेना. मला तिथून सुटायचं होतं, बस्स. आणि संजूनं विचारलं, "अण्णा, तुला किती वेळ हाय? बोट कवा सुटणार?"

इतक्या वर्षांची सवय. जीभ आपोआप वळली.

"सुटतीय आता. थोड्या वेळात."

पलीकडं जरा कुजबुज झाली. मग अचानक तात्यांचा मोठा आवाज आला. "शिवला! शिवला रं! उठा!" संजूनं कॅमेरा स्वतःकडं वळवला. तो हसत होता आणि डोळे पुसत होता. "शिवला अण्णा. तुझं बोलणं ऐकलं बघ त्यांनी. जा तू, पळ. बोट चुकंल."

मी फोन ठेवला आणि कमानीला डोकं टेकून बराच वेळ रडलो. पण त्या रडण्यात सुटका होती हे खोटं कशाला सांगू? दोन दिवस मी नीट जेवलो नव्हतो. मी उठलो, एका दुकानातून तिथली चीजची गरम पॅटिस घेतली, मग आणखी दोन घेतली, आणि उन्हात उभं राहून पोटभर खाल्लं. वर गार सरबत प्यालो.

मग पहिल्यांदाच, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, मी एखादं बंदर बघायला निघालो. अरुंद गल्ल्या, लाकडी झाकलेले सज्जे, पायऱ्यापायऱ्यांचे रस्ते. एका ठिकाणी गाइड आपल्या घोळक्याला काहीतरी सांगत होता, मी मागे उभा राहिलो. तो सांगत होता की हे बेट नुसतं खडक आहे, इथं माती नव्हती. जुन्या काळी बंदरात येणाऱ्या प्रत्येक जहाजाला म्हणे थोडी माती आणून द्यावी लागायची, त्याशिवाय आत घेत नसत. खरं-खोटं त्यालाच माहीत. लोक हसले आणि पुढं गेले.

मी तिथंच उभा राहिलो. आप्पांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला तासभर सोडलं नसतं.

मी परत वरच्या बागेत आलो. फुलझाडांच्या वाफ्याजवळ वाकून, कुणी बघत नाही असं पाहून, दोन बोटं मातीत खुपसली. चिमूटभर तळहातावर घेतली, चुरडली, थुंकी लावून मळून बघितली, आप्पा करायचे तशी. फिक्या तपकिरी रंगाची, भुसभुशीत, चुनखडीची. गोळा होत नव्हता. एवढ्या बंदरांवर मी त्यांना काळी, तांबडी, वाळूसार असं काहीबाही सांगत आलो होतो, आणि खरोखर हातात घेतलेली ही पहिलीच.

तेवढ्यात बागेच्या खालच्या तटावरून तोफ उडाली. तिथं रोज भर दुपारी तोफ उडवतात आणि प्रवासी ती बघायला जमतात. मी इतका दचकलो की हातातली माती सांडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात पँटला पुसले आणि सावकाश जहाजाकडं चालू लागलो. जहाजाच्या शिडीपाशी पोचलो तेव्हा जहाज सुटायला अजून अर्धा दिवस होता.

पुढं काय झालं ते वाचणाऱ्यांनी ओळखलंच असेल. मुलाखत झाली आणि सुपरवायझरची जागा मला मिळाली. ते कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी आलो, आप्पांच्या फोटोला हार घातला, दोन महिने राहिलो आणि पुन्हा गेलो. आई म्हणाली, "जातोस व्हय?" संजूनं माझी बॅग स्टँडवर आणून दिली. त्यानंतरही मी गेलो, आणि त्यानंतरही. दिलेला शब्द रात्री आठवायचा तेव्हा मी मनाला समजवायचो, आप्पांनी ऐकलं, मान्य केलं, म्हणून तर कावळा शिवला. त्यांचा जीव तर सुटला ना. आता मी थोडा उशीर केला तर ते समजून घेतील. कितीतरी वर्षं मी त्या एका कावळ्याच्या आधारावर झोपलो.

मधल्या काळात रान गेलं. आजूबाजूला घरं झाल्यावर पाण्याची वाट बुजली, संजूला उद्यमबागच्या वर्कशॉपातली नोकरी सांभाळून एकट्याला होईना. त्यानं मला फोनवर विचारलं होतं, काय करू? मी बार्सिलोनाच्या धक्क्यावर होतो. म्हणालो, तुला योग्य वाटंल ते कर, बोट सुटतीय. आता तिथं तीन मजली घरं आहेत.

शेवटी घरी आलो तोही शब्द पाळायला नाही. जहाजावर जाण्याआधीच्या तपासणीत माझ्या हृदयात दोष निघाला आणि डॉक्टरनं सही केली नाही. आता पिरनवाडीतच लहानशी लॉन्ड्री चालवतो, लॉजच्या आणि मंगल कार्यालयाच्या चादरी धुतो. चादरीची घडी अजून पहिल्यासारखीच बसते.

यंदाच्या म्हाळाला, म्हणजे पितृपक्षात आप्पांच्या तिथीला, आम्ही घराच्या गच्चीवर पान ठेवलं. मी, आई आणि संजू. कठड्यावर पान टेकतोय तोच एक कावळा आला आणि त्यानं सरळ वड्यावर चोच मारली. मला बरं वाटलं. मी म्हणालो, "आप्पा माझ्यावर नाराज न्हाईत बघ. त्या दिवशीपण मी बोलल्यावरच शिवलाता."

आईनं संजूकडं बघितलं. संजू खाली बघू लागला.

"सांग की आता," आई म्हणाली. "किती दिस पोटात ठेवायचं?"

"जाऊ दे गं."

"काय सांग?" मी विचारलं.

संजूनं हातातला तांब्या कठड्यावर ठेवला. "अण्णा, त्या दिवशी शिवला न्हवता."

"तात्या वरडलेते की."

"मीच खुणावलं त्यास्नी. तू रडत हुतास, तिकडं बोट सुटाय लागलेली. तुला तसंच कसं जाऊ द्यायचं? एकटा परमुलखात... म्हटलं, निदान तू तरी शांत मनानं जा."

"मग?"

"मग काय. बसलो वाट बघत. दुपार पार कलली. बायामाणसं उपाशी, पोरं रडाय लागली. शेवटी तात्या म्हणले, आता न्हाय येत. निवद गाईला घातला."

दुपार पार कलली. मी गच्चीवर उभा राहून वेळेचा हिशेब करत होतो. तिकडची तोफ उडाली तेव्हा इकडं माझी माणसं त्या पानासमोर बसून होती. मी चीजच्या पॅटिस खात होतो तेव्हा माझी आई पाण्याच्या घोटाविना होती. मला संध्याकाळपर्यंत वेळ होता. मी त्या कमानीखाली बसून राहू शकलो असतो, पुन्हा पुन्हा बोलू शकलो असतो, कदाचित काही खरं बोलू शकलो असतो. जमीन कसली आहे ते सांगू शकलो असतो.

"मला सांगितलं का न्हाईस?" मी संजूला विचारलं.

"कशाला सांगू? आणि हे बघ," तो माझी समजूत काढल्यासारखा म्हणाला, "म्हणूनच मी तुला कवा टोकलं न्हाय. शब्द दिलतास, पाळ, असं एकदा तरी म्हटलं का? शिवलाच न्हाय तर तो शब्द कसला? तू मोकळाच हुतास की रं."

माझ्या धाकट्या भावानं केस काढले, आईला सांभाळलं, रान गमावलं, आणि वर मला माझ्या शब्दातून मोकळंही करून ठेवलं होतं. मला न सांगता. त्याला वाटलं, त्यात माझं भलं आहे.

पण मला एक गोष्ट कळून चुकली आहे, आणि ती मी त्याला सांगितलेली नाही. कॉन्ट्रॅक्ट शेवटचं, असं मी फोनमध्ये ओरडत होतो तेव्हा त्याच वेळी डोक्याच्या एका कोपऱ्यात मी मुलाखतीसाठी इस्त्रीचा शर्ट कुणाकडं मागायचा याचा विचार करत होतो. हे कुणाला दिसलं नाही. आईला नाही, तात्यांना नाही. निलगिरीवर बसलेले कावळे मात्र खाली उतरले नाहीत.

आता लॉन्ड्री उघडायच्या आधी रोज सकाळी मी गच्चीच्या कठड्यावर भात ठेवतो. बायको म्हणते, म्हाळ संपला की. मी ऐकत नाही. एक दिवस भातापाशी एक कावळा बसलेला असताना, कुणी नाही असं बघून, मी कठड्यापाशी उभा राहून हळू आवाजात बोललो. "आप्पा, तिथली जमीन फिकी हाय. चुनखडी. पाणी धरत न्हाय. रताळी आली नसती."

आता मी घरीच आहे. त्यांना हवं होतं ते झालं आहे, पण मी ते केलेलं नाही. द्यायला आता शब्दसुद्धा उरला नाही.

कावळ्यानं मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं, चोचीत भात घेतला आणि मंगल कार्यालयाच्या दिशेनं उडून गेला. तिथं त्या दिवशी जेवणावळ होती.